पैसे कटले, मग ऑर्डर कुठे गेली? छोट्या ऑनलाइन दुकानाच्या पोटात काय चालतं

"दादा, पैसे कट झालेत, पण ऑर्डर झालेली दिसत नाही." स्वतःचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याला पाठ असतं. गिऱ्हाइकाकडे बँकेचा मेसेज असतो, दुकानदाराच्या स्क्रीनवर त्या नावाची ऑर्डरच नसते, आणि दोघंही खरं बोलत असतात. हे कसं होतं ते कळलं की ऑनलाइन दुकानाचं निम्मं यंत्र कळतं.

उदाहरणाला कोल्हापुरी चपलांचं दुकान घेऊ. मुद्दामच घेतोय. माल हातानं होतो, एक जोड दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो, मापांची भानगड असते, किमती काही शेकड्यांपासून तीन-चार हजारांपर्यंत जातात, आणि पार्सल वजनाला हलकं पण जागा खाणारं. ऑनलाइन विक्रीत जे जे अडू शकतं ते जवळपास सगळं या एका मालात सापडतं.

रस्त्यावरच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला माल, पैसा आणि गिऱ्हाईक एकाच नजरेत दिसतं. चप्पल फळीवरून खाली आली, नोट गल्ल्यात गेली, माणूस पिशवी घेऊन उतरला, संपलं. ऑनलाइनमध्ये या तीन गोष्टी तीन वेगळ्या वह्यांत असतात. पैशाची नोंद पेमेंट गेटवेकडे (म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन दुकानाला देणाऱ्या मधल्या कंपनीकडे), मालाची वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये, पार्सलची कुरियर कंपनीकडे. खरा माल तर या तिन्हींना न विचारता फळीवर पडलेला असतो. या वह्या एकमेकींना इंटरनेटवरून निरोप पाठवतात. निरोप उशिरा येतात, दोनदा येतात, कधी येतच नाहीत. माझ्या मते छोट्या दुकानाचा तांत्रिक त्रास मुख्यतः हाच आहे. बॅनरचा रंग कुठला आणि लोगो डावीकडे की मधोमध, यावर जेवढ्या बैठका होतात त्याच्या चौथाई वेळ जरी 'निरोप चुकला तर काय' या प्रश्नाला दिला तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

पैशाचे दोन रस्ते

यूपीआय २०१६ साली आलं आणि आता दुकानाच्या वेबसाइटवरही बहुतेक लोक त्यानंच पैसे देतात. गिऱ्हाइकानं 'पैसे भरा'वर बोट ठेवलं की वेबसाइट गेटवेला सांगते, ही ऑर्डर, हे इतके रुपये. गेटवे गिऱ्हाइकाला त्याच्या यूपीआय ॲपमध्ये पाठवतो. तिथे तो पिन टाकतो, बँक पैसे वळते करते, गेटवेला कळवते. आता ही बातमी दुकानाच्या वेबसाइटला पोचायची आहे.

ती दोन रस्त्यांनी पोचू शकते. पहिला रस्ता गिऱ्हाइकाच्या फोनमधून जातो: पिन टाकून झाला की तो ॲपमधून परत ब्राउझरमध्ये येतो, ब्राउझर 'आभारी आहोत' असं लिहिलेलं पान उघडतो, आणि ते पान उघडलं म्हणजे पैसे आले असं वेबसाइट धरून चालते. डेमो दाखवताना हा रस्ता मस्त चालतो. प्रत्यक्षात पिन टाकल्यावर गिऱ्हाइकाला फोन येतो, रेंज जाते, बॅटरी संपते. किंवा यूपीआय ॲपमध्ये हिरवी खूण दिसली, झालं काम, म्हणून तो ब्राउझरकडे परत फिरकतच नाही. त्याच्या दृष्टीनं खरेदी पूर्ण झालेली असते. वेबसाइट मात्र त्याची वाट बघत बसते आणि शेवटी ऑर्डर रद्द करून टाकते. 'पैसे कट झालेत, पण ऑर्डर दिसत नाही' हा गिऱ्हाइकाचा फोन बहुतेकदा इथून जन्माला येतो.

दुसरा रस्ता गिऱ्हाइकाला वगळून थेट गेटवेच्या सर्व्हरपासून दुकानाच्या सर्व्हरपर्यंत जातो. याला वेबहुक म्हणतात. दुकानानं गेटवेला आधीच एक पत्ता देऊन ठेवायचा: पैशाचं काहीही झालं की इथे कळव. गिऱ्हाईक परत येवो न येवो, निरोप येतो. वेबसाइट कुणाकडून करून घेणार असाल तर करणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ऑर्डर पक्की कशावरून होते, पान उघडल्यावरून की वेबहुकवरून? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा माणूस बघा.

वेबहुकलाही सांभाळावं लागतं. दुकानाच्या सर्व्हरनं 'मिळालं' असं वेळेत कळवलं नाही तर गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. मग एकाच पैशावर दोन ऑर्डरी आणि घरी दोन पार्सलं. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवायचा आणि तोच क्रमांक परत आला तर नुसती पोच द्यायची, काम पुन्हा करायचं नाही. दुसरी काळजी खोट्या निरोपाची. वेबहुकचा पत्ता इंटरनेटवर उघडाच असतो, तिथे कुणीही 'पैसे भरले' असं लिहून पाठवू शकतो. त्यासाठी गेटवे प्रत्येक निरोपाबरोबर एक सही जोडतो. ती फक्त दुकान आणि गेटवे यांना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीवरून बनते, आणि ती तपासल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकवायची नसते. हे न तपासणं म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल देण्यासारखंच. तसे खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स बाजारात आहेत हे आता भाजीवाल्यांनाही माहीत झालंय.

मधल्या अवस्थेत लटकलेले पैसे ही आणखी एक गोष्ट. 'झालं' आणि 'नाही झालं' याशिवाय 'अजून कळलं नाही' हेही पेमेंटचं एक उत्तर असतं आणि ते काही मिनिटं, कधी काही तास तसंच राहतं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९मध्ये यासाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयनं दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराकडे पैसे मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण यात एक मेख आहे. पैसे गेटवेपर्यंत व्यवस्थित पोचले आणि फक्त तुमच्या वेबसाइटला कळलं नाही, तर बँकेच्या दृष्टीनं व्यवहार यशस्वी आहे. तो आपोआप परत फिरणार नाही. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला "पाच-सात दिवसांत परत येतील" असं ठोकून देण्याआधी गेटवेच्या डॅशबोर्डवर व्यवहाराचा क्रमांक शोधा. पैसे तिथे दिसले तर ऑर्डर हातानं पक्की करा किंवा रिफंड द्या.

कार्डाच्या व्यवहारात अजून एक पायरी असते. आधी बँक रक्कम राखून ठेवते, नंतर दुकानाच्या वतीनं ती 'कॅप्चर', म्हणजे प्रत्यक्ष वसूल, करावी लागते. गेटवेच्या सेटिंगमध्ये हे आपोआप होईल असं केलेलं नसेल आणि कुणी हातानंही केलं नाही, तर काही दिवसांनी पैसे गिऱ्हाइकाला परत जातात. चप्पल तोवर नागपुरात कुणाच्या तरी पायात असते.

मग रोजचा हिशेब. गेटवे प्रत्येक ऑर्डरचे पैसे वेगवेगळे देत नाही, साधारण दोन दिवसांनी एकगठ्ठा जमा करतो, आपलं शुल्क कापून. समजा शुल्क २ टक्के आहे. १,४९९ रुपयांच्या जोडावर २९ रुपये ९८ पैसे, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५ रुपये ४० पैसे. हातात येतात १,४६३ रुपये ६२ पैसे. अशा तेरा ऑर्डरी, त्यातून दोन रिफंड वजा, एवढी मिळून बँकेत एकच रक्कम दिसते. ती वेबसाइटच्या विक्रीशी कधीच जुळत नाही, आणि जुळवायला बसणारे थोडेच. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दल दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरी गेटवे आपल्या सेवेचं वेगळं शुल्क लावू शकतो, तेव्हा दरपत्रक वाचूनच सही करा. जुळवणीसाठी गेटवेकडून सेटलमेंटचा, म्हणजे बँकेत जमा केलेल्या रकमांचा, तक्ता उतरवता येतो, त्यात एकेका व्यवहाराची फोड असते. आठवड्यातून एकदा तो आणि वेबसाइटचा ऑर्डर-तक्ता शेजारी ठेवून व्यवहार-क्रमांकावर मेळ घातला की हरवलेल्या ऑर्डरी गिऱ्हाइकाच्या फोनआधी सापडतात.

शेवटचा जोड

कोल्हापुरीत बारा नमुने ठेवले, कापशी, कुरुंदवाडी वगैरे; प्रत्येकाचे तीन रंग, आणि पुरुषांची सातच मापं. बारा गुणिले तीन गुणिले सात, म्हणजे २५२ वेगवेगळ्या नोंदी. बायकांची आणि लहान मुलांची मापं अजून धरलेलीच नाहीत. या प्रत्येक नोंदीला स्वतःचा कोड आणि शिल्लक नगांचा आकडा हवा. 'कापशी, तपकिरी, आठ नंबर' यातला एकच जोड उरलाय, असं बहुतेक वेळ असतं, कारण हातानं होणारा माल डझनावारी एकसारखा पडून राहत नाही.

आता हा शेवटचा जोड पुण्यातल्या एकानं आणि मडगावातल्या दुसरीनं एकाच मिनिटाला कार्टमध्ये टाकला. वेबसाइटनं दोघांनाही 'शिल्लक: १' दाखवलं, दोघांनीही पैसे भरले. कुणाची ऑर्डर खरी? चांगल्या यंत्रणेत पैसे भरायला सुरुवात झाली की तो नग ठरावीक वेळ राखून ठेवतात. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते आणि बदलता येते. मुदत लांब ठेवली तर अर्धवट सोडून गेलेलं गिऱ्हाईक तासभर तुमचा माल अडवून बसतं. आखूड ठेवली तर लटकलेलं यूपीआय पेमेंट मुदतीनंतर यशस्वी होऊन येतं आणि तोवर जोड दुसऱ्याला विकलेला असतो. बिनचूक आकडा कुठलाच नाही. चपलांसारख्या मालाला मी १५ ते २० मिनिटं ठेवेन आणि उशिरा आलेल्या पेमेंटला सरळ रिफंड किंवा 'आठ दिवसांत नवा जोड करून देतो' असा पर्याय देईन. हातानं करणाऱ्यांची एक मोठी सोय हीच की माल पुन्हा करता येतो.

खरी पंचाईत वेबसाइटच्या बाहेर आहे. तोच जोड दुकानात फळीवर आहे, इन्स्टाग्रामवर त्याचा फोटो आहे, एखाद्या मोठ्या मार्केटप्लेसवरही त्याची नोंद आहे. शनिवारी संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांची गर्दी दुकानात शिरली, पाच जोड गेले, आणि पोरानं बिल कच्च्या चिठ्ठीवर केलं. वेबसाइटला याची गंधवार्ता नाही. काउंटरवरच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर वेबसाइटच्या साठ्याला जोडणं हा पक्का उपाय. पण त्यात शिस्त लागते: एकही जोड स्कॅन केल्याशिवाय फळीवरून हलता कामा नये. गर्दीच्या वेळी ते होत नाही, हे कुठल्याही दुकानदाराला माहीत आहे. मग कमी खर्चाचा मार्ग म्हणजे ऑनलाइनसाठीचा माल वेगळ्या कपाटात ठेवणं. त्या कपाटातलं दुकानात विकायचं नाही आणि फळीवरचं ऑनलाइन दाखवायचं नाही. मालाचे पैसे थोडे अडकतात खरे, पण आकडे खरे राहतात. पन्नास हजारांचं जोडणीचं सॉफ्टवेअर घेऊन ते न वापरणारी दुकानं मी पाहिली आहेत, म्हणून कपाटाची शिफारस जरा जोरात करतो.

कुपनानं कर बदलतो

कराचं काम हिशेबनिसाचं, वेबसाइटवाल्याचं नाही, असं समजून सगळे इथे फसतात. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा असे जीएसटीचे दोन निम्मे भाग दाखवायचे; पणजीच्या किंवा बेळगावच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर एकच आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी. गिऱ्हाइकानं पत्त्यात राज्य चुकीचं निवडलं तर बिल चुकतं, म्हणून राज्य पिनकोडवरून काढावं, त्याला निवडायला लावू नये. हे सोपं.

अवघड पुढे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पादत्राणांवर जोडाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ही २,५०० रुपयांची रेघ कर वगळून आलेल्या विक्रीमूल्यावर ओढायची असते. आता २,६०० रुपये मूळ किमतीचा जोड घ्या. १८ टक्के धरून गिऱ्हाइकाला पडतात ३,०६८. दुकानानं १० टक्क्यांचं कुपन दिलं. मूळ किंमत २,३४० झाली, रेघेच्या खाली आली, दर ५ टक्के झाला, गिऱ्हाइकाला पडले २,४५७. म्हणजे १० टक्क्यांच्या कुपनानं अंतिम रक्कम जवळजवळ २० टक्क्यांनी उतरली. वेबसाइटनं कराचा दर चपलेला कायमचा चिकटवून ठेवला असेल तर ती इथे १८ टक्केच लावत राहणार.

उलट्या बाजूनं तर गंमतच होते. आपल्याकडे किंमत सर्व करांसह दाखवायची पद्धत, तेव्हा वेबसाइटला त्या रकमेतून कर मागे काढावा लागतो. समजा किंमत लावली २,८००. पाच टक्क्यांनी मागे गेलात तर मूळ किंमत २,६६६ रुपये ६७ पैसे येते, म्हणजे २,५०० च्या वर, म्हणजे दर १८ हवा. अठरानं मागे गेलात तर २,३७२ रुपये ८८ पैसे येते, म्हणजे २,५०० च्या खाली, म्हणजे दर ५ हवा. दोन्ही उत्तरं स्वतःलाच खोडतात. २,६२५ च्या पुढे आणि २,९५० पर्यंत कुठलीही करासह किंमत लावा, हेच होणार. संगणकाला यातून वाट काढता येत नाही, कारण वाटच नाही. या पट्ट्यात चपलेची किंमत ठेवायचीच नाही. २,६०० ला ठेवा नाहीतर ३,००० ला. आणि कुपन लागल्यावरची किंमतही या पट्ट्यात पडत नाही ना, तेवढं आधी तपासून घ्या.

दर बदलले की धांदल उडते ती वेगळीच. ज्यांनी कराचा आकडा बिलाच्या साच्यात हातानं लिहून ठेवला होता त्यांना तो जागोजागी शोधावा लागला. दर एका तक्त्यात, 'या तारखेपासून हा' अशा रीतीनं ठेवलेला असला की मध्यरात्री जागावं लागत नाही.

पार्सल, पत्ता आणि लेबलावरचे चौकोन

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतातले कवी आणि केंद्रातले टपाल अधिकारी. पहिला आकडा विभागाचा, आणि महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या सगळ्यांना मिळून ४. ही रचना टपाल वाटपासाठी उत्तम आहे, मात्र कुरियरचे दर ठरवायला वेबसाइटवाले पहिल्या तीन आकड्यांवर विसंबतात तिथे गडबड होते. ४१६ नं सुरू होणाऱ्या पिनकोडांत कोल्हापूर आहे, सांगली आहे आणि घाटाखालचं सावंतवाडी-कुडाळही आहे. कोल्हापूर शहरात दुसऱ्या दिवशी पोचणारं पार्सल त्याच ४१६ मधल्या एखाद्या गावात चार दिवस घेतं, किंवा कुरियर तिथे जातच नाही. म्हणून गिऱ्हाइकानं सहाही आकडे टाकल्यावर कुरियरच्या यादीत तो पिनकोड आहे का, कॅश ऑन डिलिव्हरी चालते का, हे पैसे घेण्याच्या आधी तपासलं पाहिजे. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकानं दारातून परत पाठवलं की दोन्ही वेळचं भाडं दुकानदाराच्या बोडक्यावर बसतं. त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला फोनवर ओटीपी पाठवून ऑर्डर पक्की करून घेणं, किंवा शंभर रुपये आगाऊ घेणं, यात काही वावगं नाही.

वजनाचा हिशेब दुकानदाराला पहिल्या बिलातच चटका देतो. कुरियरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५,००० नं भागतात, आणि येणारे किलो काट्यापेक्षा जास्त असतील तर तेच लावतात. चपलांचा जोड पाऊण किलोच्या आत-बाहेर. बुटाचं नेहमीचं खोकं समजा ३२ बाय २० बाय १२. गुणाकार ७,६८०, भागल्यावर दीड किलोच्या किंचित वर, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दर असेल तर बिल २ किलोचं. कोल्हापुरीचे तळवे एकमेकांवर उलटसुलट ठेवून, कान आत दुमडून, ३० बाय २० बाय ८ च्या खोक्यात बसवा: ४,८०० भागिले ५,०००, म्हणजे ०.९६. बिल १ किलोचं. वेबसाइटवर प्रत्येक नमुन्यापुढे हे मोजमाप भरलेलं नसेल तर ती गिऱ्हाइकाकडून एका वजनाचं भाडं घेते आणि कुरियर तुमच्याकडून दुसऱ्या. कुरियरनं नंतर वजन वाढवून लावलं तर भांडायला पुरावा लागतो, तेव्हा रवाना करताना काट्यावरचा आणि मोजपट्टी लावलेला असे दोन फोटो काढून ठेवायचे.

लेबलाची गोष्ट मराठी दुकानदारांपुरती खास आहे. गिऱ्हाइकानं पत्ता देवनागरीत लिहिला, 'मारुतीच्या देवळामागे, पाटील गल्ली', तर वेबसाइट तो व्यवस्थित साठवते, पण लेबल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसतो आणि कागदावर नुसते चौकोन छापून येतात. काही फॉर्म तर देवनागरी नावच नाकारतात, 'योग्य नाव टाका' म्हणून गिऱ्हाइकालाच दटावतात. आपली वेबसाइट करून झाली की पहिली चाचणी ऑर्डर स्वतःच्या नावानं देवनागरीत टाका आणि लेबल छापून हातात घ्या. शोधाच्या चौकटीतही हेच. लोक 'चप्पल', 'चपल', 'चप्पला', 'पायताण' यातलं काहीही टाइप करतात, काही रोमन अक्षरांत. वेबसाइटला यातला एकच शब्द ठाऊक असेल तर 'काही सापडलं नाही' म्हणते आणि गिऱ्हाईक निघून जातं. प्रत्येक मालापुढे ही सगळी रूपं भरून ठेवायला एक दुपार लागते. युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखंच दिसणारं टायपिंग) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली माहिती मात्र तशीच चिकटवू नका. ती आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी लागते, नाहीतर पानावर निव्वळ कचरा दिसतो.

वेग आणि गर्दी

यावर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे, मी दोनच गोष्टी सांगतो. आजच्या फोननं काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. एका जोडाचे सहा फोटो तसेच चढवले की एक पान वीस एमबीचं. तेच फोटो वेबपी प्रकारात, योग्य मापात आणले तर प्रत्येकी शंभर-दीडशे केबीत बसतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा मापदंड आहे. तो ऑफिसच्या वायफायवर तपासून उपयोग नाही, एसटीत बसून साध्या फोनवर बघा.

दुसरी गोष्ट कॅशची (cache; रोख पैसे नव्हेत). वेग वाढावा म्हणून तयार पान साठवून तेच सगळ्यांना देण्याची सोय असते. मालाच्या पानांना ती उत्तम. पण चुकून कार्ट आणि पत्त्याचं पानही कॅशमध्ये गेलं तर एका गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि फोन दुसऱ्याला दिसतो. वेग वाढवणारं प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवलं की दोन वेगळ्या फोनवरून दोन वेगळ्या खात्यांनी कार्ट उघडून पाहिलंच पाहिजे. कार्ट आणि पेमेंटची पानं अशी साठवता येत नसल्यामुळेच गर्दीत स्वस्त होस्टिंग (वेबसाइट ठेवायला भाड्यानं घेतलेली सर्व्हरवरची जागा) तिथे कोलमडतं: फिरायला आलेले हजार लोक चालतात, एकदम पैसे भरणारे पन्नास चालत नाहीत. जून २०२५मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापुरीचं नाव सगळीकडे गाजलं. अशी लाट सांगून येत नाही. म्हणूनच ज्यांच्याकडे तांत्रिक माणूस नाही त्यांनी शॉपिफायसारखी भाड्याची जागा (तयार ऑनलाइन दुकान महिन्याच्या भाड्यानं देणारी सेवा) घ्यावी असं माझं मत आहे. महिन्याचं भाडं टोचतं, पण सर्व्हर सांभाळणं, अपडेट, गर्दी ही डोकेदुखी दुसऱ्याची. वूकॉमर्समध्ये मोकळीक जास्त आणि सुरुवातीचा खर्च कमी. मात्र दर महिन्याला अपडेट करणारा आणि बॅकअप प्रत्यक्ष परत चढवून बघणारा माणूस धरलेला असला तरच.

न पोचणारे मेसेज

ऑर्डर झाली, पण गिऱ्हाइकाला मेसेज गेला नाही. भारतात धंद्याचे एसएमएस पाठवायला डीएलटी या मेसेज-नोंदणी यंत्रणेत नोंदणी लागते: कंपनीची, पाठवणाऱ्या नावाची आणि मेसेजच्या साच्याची. साच्यात 'आपली ऑर्डर' असेल आणि वेबसाइटवाल्यानं सणासुदीला 'आपली दिवाळी ऑर्डर' केलं, तर मेसेज वाटेतच अडतो, आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही. ईमेलचंही तसंच. आपल्या डोमेनच्या (वेबसाइटच्या पत्त्याच्या) नावानं मेल पाठवायला आपण कुणाला परवानगी दिली आहे हे डोमेनच्या नोंदींत लिहावं लागतं, त्यांना एसपीएफ आणि डीकेआयएम म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं या बाबतीत नियम कडक केले. नोंदी नसतील तर तुमची पावती स्पॅममध्ये जाते किंवा पोचतच नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, तरी कितीतरी दुकानांच्या पावत्या गिऱ्हाइकांनी कधी पाहिलेल्याच नसतात.

चाव्या कुणाकडे

हॅकर मंडळी छोट्या दुकानाला काय हात लावणार, असं वाटतं. ते दुकान बघून येतच नाहीत. जुनं प्लगिन असलेल्या वेबसाइटी शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. घुसले की पेमेंटच्या पानात दोन ओळी टाकून गिऱ्हाइकाला भलत्याच पानावर नेतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी चालणारा सांकेतिक क्रमांक, वापरावं लागतं. त्यामुळे चोरण्यासारखं थोडं कमी झालं, पण गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि ऑर्डरींची यादी आहेच. खोट्या 'पार्सल अडकलंय, दहा रुपये भरा' मेसेजांना हीच यादी लागते.

पण हॅकरपेक्षा जास्त दुकानं बंद पडतात ती साध्या कारणानं. डोमेन ज्या मुलानं घेऊन दिलं त्याच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर आहे. त्यानं नोकरी बदलली, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या मेलवर गेली, मुदत संपली आणि दुकानाच्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती दिसू लागल्या. गेटवेचा ओटीपी भाच्याच्या नंबरवर येतो आणि भाचा दुबईला. होस्टिंगचा पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर, आणि डायरी गेल्या वर्षीची. एका बैठकीत ही यादी लिहून काढा: डोमेन, होस्टिंग, गेटवे, कुरियर, डीएलटी, गूगल खातं. प्रत्येकापुढे नाव कुणाचं, ईमेल कुठला, ओटीपी कुठल्या नंबरवर आणि मुदत कधी संपते. सगळीकडे दुकानाच्या नावाचा ईमेल आणि मालकाच्या कपाटात राहणारं एक सिमकार्ड. डोमेन एकदम पाच वर्षांसाठी भरून टाका, आणि ते सिम वेळेवर रिचार्ज होतंय ना, ते बघत जा.